मन की मनगट? पैलवान, नेमबाज, फुटबॉलपटू आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापुरात खेळ कुठलाही असो, हरलेल्या पोराबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अंगात हाय, पण मनात न्हाई." तालमीत ऐकू येतं, शाहू स्टेडियमवर ऐकू येतं, नेमबाजीच्या रेंजवरही ऐकू येतं. कधी ते खरं असतं, कधी साफ चूक असतं. चूक असतं तेव्हा त्या पोराचं मोठं नुकसान होतं, कारण ज्या दुखण्याला रक्त तपासायला हवं होतं त्याला उपदेश मिळतो. खालचे प्रश्न पैलवान, नेमबाज, फुटबॉल खेळणारे, त्यांचे वस्ताद आणि आईवडील यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे आहेत.

शेवटी कुस्ती कोण मारतं, ताकद की मन?

जोड बरोबरीची नसेल तर ताकद आणि डाव. जोड बरोबरीची असेल तर बहुतेक वेळा मन.

६० किलोचा गडी मनानं कितीही खंबीर असला तरी ८० किलोच्या तयारीच्या गड्यापुढं त्याचं फार चालत नाही. म्हणून तर वजनगट असतात. पण एकाच गटातले, सारखीच मेहनत केलेले दोन पैलवान समोरासमोर आले की अंगातल्या ताकदीचा फरक फार थोडा उरतो. मग कोण आपली ताकद शेवटच्या मिनिटापर्यंत वापरू शकतो, कोण ठरवलेला डाव ठरल्या वेळी टाकतो, यावर निकाल फिरतो. अंगात जे साठवलेलं आहे ते मन खर्च करू देतं. अंगात नसलेलं आणून देणं त्याच्या हातात नाही.

शिवाय ताकद म्हणजे नुसता स्नायू नव्हे. नव्यानं जोर-बैठका किंवा वजनं सुरू केलेल्या पोराची ताकद पहिल्या सहा-आठ आठवड्यांत झपाट्यानं वाढते, पण दंडाचा घेर तेवढा वाढलेला दिसत नाही. कारण त्या काळात मेंदू आणि नसा जास्त स्नायुतंतूंना एकदम कामाला लावायला शिकत असतात. उलट बाजूनं पाहिलं तर धीर, एकाग्रता, निर्णय ही सगळी मेंदूची कामं, आणि मेंदू चालतो तो रक्तातल्या साखरेवर, प्राणवायूवर आणि झोपेवर. म्हणून मन एका पारड्यात आणि मनगट दुसऱ्या पारड्यात असा तराजू मांडताच येत नाही.

खाशाबा जाधवांचंच बघा. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मातीतला हा गडी गादीच्या कुस्तीला नवखा होता, तरी सहावा आला. त्यानंतरची चार वर्षं गादीची आणि तिच्या नियमांची तयारी झाली आणि १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक आलं. धाडस १९४८ लाही कमी नव्हतं. मधल्या काळात वाढला तो सराव.

"खेळ नव्वद टक्के डोक्याचा असतो" हे खरं का?

असा आकडा कुणी मोजलेला नाही आणि मोजताही येणार नाही.

प्रेरणेच्या भाषणांत ब्रिटिश धावपटू रॉजर बॅनिस्टरचं उदाहरण हटकून येतं: चार मिनिटांत मैल पळणं अशक्य, असं जगाला वाटत होतं, त्यानं ६ मे १९५४ ला ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत ते केलं, आणि मनाची भिंत पडताच ४६ दिवसांत जॉन लँडीनं ३:५७.९ अशी वेळ दिली. वेळा खऱ्या आहेत, अर्थ मात्र ओढूनताणून लावलेला आहे. स्वीडनचा गुंडर हेग १९४५ मध्येच ४:०१.४ पर्यंत पोचला होता. पुढं दोन सेकंद कमी व्हायला चांगली ट्रॅक, वेग धरून देणारे जोडीदार आणि नेमकी तयारी लागली. बॅनिस्टर ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या मारायचा आणि महिन्यामहिन्यानं त्यांची वेळ उतरवत त्यानं ती ५९ सेकंदांवर आणली. शर्यतीत त्याला वेग धरून द्यायला दोघं होते. त्याचा विश्वास या फेऱ्यांतून आला होता. आधी विश्वास आणि मग फेऱ्या असा तो क्रम नव्हता.

तालमीत सगळ्यांना पाडतो, मैदानात उतरला की हातपाय गळतात. असं का होतं?

इथं तीन वेगवेगळ्या गोष्टी घडत असतात. त्यांचे उपायही वेगळे आहेत, म्हणून आधी नेमकी कुठली घडते ते ओळखा.

पहिली गोष्ट शरीराची. हलगी कडाडली, नाव पुकारलं की अंगात अ‍ॅड्रेनालिन सुटतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, श्वास वरच्या वर चालतो. यात वाईट काही नाही, अंग लढायला तयार होतंय. पण या भरात गडी खडाखडीतच (सुरुवातीच्या हातापकडीतच) समोरच्याचं मनगट आणि मान पूर्ण जोरानं आवळून धरतो. इतक्या घट्ट मुठीत स्नायूंच्याच दाबानं रक्त नीट फिरत नाही. दीड-दोन मिनिटांत हात भरून येतात आणि पकड सुटायला लागते. बाहेरचे म्हणतात घाबरला. खरं तर त्याचे हात संपलेले असतात. उपाय: रोजच्या लढतीत पहिलं एक मिनिट निम्म्या जोरानं पकड ठेवून लढायची सवय लावा. ओढायच्या क्षणी आवळा, नंतर सैल सोडा. पकडीसाठी रस्सा चढणं आणि टॉवेल धरून पुलअप्स आठवड्यातून दोनदा पुरेत.

दुसरी गोष्ट गरम न होण्याची. जोड लागेपर्यंत पोरगं दोन-दोन तास बसून राहतं आणि थंड अंगानं उतरतं. पहिल्याच मिनिटाला दम लागतो आणि तो दम त्याला भीतीसारखा वाटतो. उतरण्याआधी १५ ते २० मिनिटं अंग गरम करायचं: ५-७ मिनिटं हलकं पळणं, मग मान, खांदा, कंबर मोकळी करणं, मग जोडीदाराबरोबर २० ते ३० सेकंदांचे तीन जोरकस झटके. हे जोड लागण्याच्या ५ ते १० मिनिटं आधी संपवायचं आणि अंगावर जाड कपडा ठेवायचा. मैदानात वेळ सांगता येत नसेल तर दर २० मिनिटांनी दोन मिनिटं हालचाल करत राहायचं.

तिसरी गोष्ट खरोखर मनाची. लक्ष चुकीच्या जागी जातं. एक तर निकालाकडं: कोण बघतंय, इनाम किती, घरी काय सांगू. नाही तर स्वतःच्या हातापायांकडं: पाय नीट पडतोय का, एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडण्याचा डाव) काढताना डोकं कुठं ठेवू. हजारदा काढलेला पट आपोआप निघत असतो. त्याच्यावर पहारा बसवला की तो अडखळतो. म्हणून लक्षाला बाहेरचं एकच ठिकाण द्यायचं: समोरच्याचा पुढचा गुडघा, किंवा त्याचं कंबरडं. आणि पहिल्या ३० सेकंदांचं काम आधीच ठरवायचं, म्हणजे 'डावा हात मनगटावर, दोन पावलं रेटायचं, मग पट.' काम ठरलेलं असलं की घाबरायला मोकळा वेळ कमी उरतो.

खासबागचा विचार वेगळा करावा लागतो. शाहू महाराजांनी उभारलेलं हे मैदान वाडग्यासारखं आहे. हौदा, म्हणजे मातीचा आखाडा, मध्ये, माणसं चहूबाजूंनी चढत गेलेली, आवाज सगळीकडून खाली येतो. बंद तालमीत पंधरा-वीस जणांसमोर लढणाऱ्या पोराला हा आवाजच नवा असतो. पंधरा दिवस आधीपासून तालमीत स्पीकरवर हलगी आणि गर्दीचा आवाज लावून लढती घ्या, शेजारच्या तालमीतली माणसं बघायला बोलवा. साधा उपाय आहे, पण तो कमी जण करतात.

"मन कमजोर आहे" म्हणण्याआधी काय तपासायचं?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. खालच्या पाच गोष्टी तपासल्याशिवाय कुठल्याही पोराला वा पोरीला मनानं कच्चं म्हणू नका.

झोप. १३ ते १८ वयाला रात्रीची ८ ते १० तास झोप लागते. पहाटे ४ ला मेहनत आणि रात्री ११ पर्यंत मोबाइल म्हणजे पाच तास. दुपारची झोप तालमीत असतेच, ती चांगलीच आहे, पण तिनं रात्रीची उणीव पूर्ण भरत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बास्केटबॉलच्या ११ खेळाडूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला लावलं, तर त्यांच्या फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली. २०११ साली ते प्रसिद्ध झालं. खेळाडू थोडे होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, हे खरं. पण हा उपाय फुकटचा आहे.

रक्त. हिमोग्लोबिन पुरुषांत १३ आणि बायकांत १२ ग्रॅमच्या खाली गेलं की तो रक्तक्षय. दम लागतो, चिडचिड होते, सरावाला जाऊ नये वाटतं. सगळी लक्षणं 'मन नाही' अशीच दिसतात. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही करून घ्या, कारण हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका आणि घेतल्या तर चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह कमी शोषलं जातं.

खुराक. मेहनतीच्या मानानं जेवण कमी पडत असेल तर ताकद आणि उमेद दोन्ही बसतात. मुलींची पाळी तीन महिने आली नाही तर ती मेहनतीची खूण समजू नका. तो धोक्याचा इशारा आहे, डॉक्टरांना दाखवा.

अति मेहनत. सकाळी उठण्याआधी अंथरुणातच एक मिनिट नाडी मोजा आणि लिहून ठेवा. नेहमीपेक्षा ८-१० ठोके जास्त सलग तीन-चार दिवस आले, सोबत झोप उडाली, भूक गेली, तर आठवडाभर मेहनत निम्मी करा.

लपवलेली दुखापत. जोडीतून नाव जाईल म्हणून पोरं गुडघा, खांदा सांगत नाहीत. डोक्याला मार लागून त्यानंतर डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, विसरणं असं होत असेल तर त्या दिवशी पुन्हा उतरवायचंच नाही.

वजन तोडल्यावर पोरगं गप्प-गप्प आणि घाबरट का होतं?

कारण त्याच्या अंगात पाणी उरलेलं नसतं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं तरी दम आणि लक्ष दोन्हींवर परिणाम व्हायला लागतो. ६५ किलोच्या गड्यात ते सव्वा लिटर झालं. त्यानं खरोखर तीन-चार लिटर काढलेलं असतं. तो सुस्त, चिडका, निर्णयाला मंद झाला तर त्यात नवल काय?

पाळायची रीत अशी. आठवड्याला अर्धा ते एक किलोच उतरवायचं. ६५ च्या गटात लढायचं तर रोजचं वजन ६७ च्या आसपास असावं. ७० असेल तर दीड-दोन महिने आधी सुरुवात करा, नाही तर वरच्या गटात लढा. वजन दिल्यावर प्रत्येक गेलेल्या किलोमागं सव्वा ते दीड लिटर पाणी, मीठ-साखर घालून, काही तासांत थोडं थोडं प्यायचं. एकदम तांब्या रिता केला तर पोट जड होतं. अठरा वर्षांखालच्यांना घाम गाळून, पाणी तोडून वजन उतरवायला लावूच नका.

रबरी सूट घालून गरम खोलीत पळणं जिवावर बेततं. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन तीन पैलवान असंच वजन तोडताना गेले, त्यानंतर तिथले नियम बदलले. आणि काटा किती निष्ठुर असतो ते पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ ला सगळ्यांनी पाहिलं: विनेश फोगट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. जिनं आदल्या दिवशी तीन कुस्त्या मारल्या तिच्या मनात काय कमी होतं?

दम उखडतो तेव्हा अंग खरंच संपलेलं असतं का?

बहुतेक वेळा नाही, थोडं शिल्लक असतं. पूर्ण दमलेला धावपटू शेवटची रेषा दिसताच वेग वाढवतो, हा त्याचा साधा पुरावा. मेंदू आधीच सावध होऊन ब्रेक लावतो.

बँगोर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथं कामाचा आहे. १६ जणांना एकदा ९० मिनिटं संगणकावर डोकं शिणवणारं काम दिलं, एकदा नुसता माहितीपट दाखवला, आणि दोन्ही वेळा नंतर सायकल थकेपर्यंत चालवायला लावली. डोकं शिणलेलं असताना ते सरासरी ६४० सेकंद टिकले, नसताना ७५४ सेकंद. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांवरून हा फरक समजत नव्हता. फक्त तीच मेहनत त्यांना जास्त जड वाटत होती. यातून घ्यायचा धडा सरळ आहे: स्पर्धेच्या आधीच्या दोन तासांत मोबाइलवर खेळ, भांडण, हिशेब, अभ्यास, काही नको.

ब्रेक थोडा सैल करायचा सराव असा: आठवड्यातून एक दिवस ३ मिनिटं लढत, ३० सेकंद थांबा, पुन्हा ३ मिनिटं, आणि दुसऱ्या फेरीत दर मिनिटाला ताज्या दमाचा नवा गडी. असे दोन संच, मध्ये दहा मिनिटं विश्रांती. त्याहून जास्त केलं तर दमलेल्या अंगानं चुकीचे डाव पडतात आणि गुडघे, खांदे दुखावतात.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. उन्हात चक्कर, ओकारी, बरळणं, तोल जाणं दिसलं तर तो मेंदूचा खोटा ब्रेक नव्हे, उष्माघात असू शकतो. थांबवा, सावलीत न्या, अंगावर थंड पाणी ओता, दवाखाना गाठा.

श्वासाचा सराव नेमका कसा करायचा?

पाठ टेकून बसा. नाकानं ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास. रोज पाच मिनिटं, महिनाभर. श्वास सोडताना हृदयाचा ठोका मंदावतो, म्हणून सोडणं लांब ठेवायचं.

चूक कुठं होते? लोक सराव न करता थेट मैदानात करून बघतात आणि काही होत नाही म्हणतात. दुसरी चूक: खोल घेण्याच्या नादात भराभर मोठे श्वास घेणं. त्यानं बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, भीती वाढते. आणि कुस्तीला अगदी उतरताना फार शांत व्हायचंही नाही. पाच मिनिटांचा सराव अर्धा तास आधी, उतरताना दोनच लांब श्वास आणि मांडीवर थाप.

नेमबाजीला ताकद कशाला लागते? ते तर सगळं मनाचं काम.

हा मोठा गैरसमज. पुरुषांच्या ५० मीटर रायफलचं वजन ८ किलोपर्यंत असू शकतं. ती गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून, पात्रता फेरीत एकूण ६० गोळ्या होईपर्यंत धरायची. आणि ज्या दहाच्या वर्तुळावर नेम धरायचा त्याचा व्यास १०.४ मिलिमीटर. हात जरा भरला की गोळी नवात.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं पॅरिसचं १ ऑगस्ट २०२४ चं कांस्यपदक या दृष्टीनं पुन्हा बघण्यासारखं आहे. पात्रता फेरीत ५९० गुणांसह तो सातवा होता. अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या स्थितीनंतर सहावा, पालथ्या स्थितीनंतर पाचवा, आणि उभ्या स्थितीत, जिथं पाठ, कंबर आणि पाय सर्वांत जास्त थकतात, तिथं तो तिसऱ्यावर चढला. एकूण ४५१.४ गुण. धीर तर होताच, पण तो धीर न हलणाऱ्या कंबरेवर उभा होता. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून मारण्याच्या प्रकारात) जगज्जेती झाली, तो प्रकार तर सगळा न हलता पडून राहण्याच्या सहनशक्तीचा.

नवख्या रायफलवाल्यांनी एवढं करावं. उभ्या स्थितीत (उजव्या हातानं मारणाऱ्यानं) डावा कोपर कमरेच्या हाडाला टेकवून वजन हाडांवर घ्यायचं, दंडावर नव्हे. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. नेम सरकला असेल तर हातानं ओढून आणू नका, पाय हलवून उभं राहणंच दुरुस्त करा. श्वास सोडून थांबल्यावर ५ ते ८ सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल खाली घ्या. त्यापुढं नजर धुरकट होते, थरथर वाढते, आणि 'आता सोडूनच टाकू' ही घाई होते. खाली घेण्याचाही सराव करावा लागतो, दर दहा ड्राय फायरमध्ये (गोळी न भरता केलेल्या नेमाच्या सरावात) दोनदा मुद्दाम खाली घ्यायची. आठवड्यातून तीन-चार दिवस अर्धा तास रंकाळा तलावावर पळणं किंवा सायकल ठेवली तर नाडी सावकाश चालते. पाठ आणि पोटासाठी प्लँक, तीन वेळा एक-एक मिनिट.

टायब्रेकरला आमचा पोरगा पेनल्टी बाहेर का मारतो?

११ मीटर अंतर, ७.३२ मीटर रुंद गोल. पाय तयार असतात, घाई नडते. मोठ्या स्पर्धांतल्या पेनल्टींच्या अभ्यासात दिसलं आहे की शिट्टी वाजताच लगेच धावणारे खेळाडू जास्त चुकतात. त्यांना ते दडपण लवकर संपवायचं असतं.

चेंडू स्वतः ठेवायचा. कोपरा चेंडू ठेवण्याआधी ठरवायचा आणि मग बदलायचा नाही. पावलं मोजून मागं जायचं, दर वेळी तेवढीच. शिट्टीनंतर एक पूर्ण श्वास सोडायचा, नजर चेंडूवर, मग धावायचं. सराव शेवटी, दमल्यावर, आणि पाचच किकचा: मधल्या रेषेपासून एकट्यानं चालत यायचं, बाकीच्यांनी पेठेतल्या सामन्यासारखी ओरड करायची. पन्नास-पन्नास पेनल्टी सलग मारून पाय सुधारतो, पण त्या एकट्या चालण्याचा सराव होत नाही.

मनातल्या मनात डाव टाकण्याचा खरंच उपयोग होतो?

होतो, मर्यादेत. १९९२ साली आयोवा विद्यापीठातल्या प्रयोगात करंगळी बाजूला ढकलण्याचा व्यायाम नुसता मनात करणाऱ्यांची ताकद चार आठवड्यांत २२ टक्के वाढली, प्रत्यक्ष करणाऱ्यांची ३० टक्के. ती करंगळी होती, मांडी नव्हे, हे विसरू नका. पडून राहून कुणी ढाकेसारखा डाव शिकलेला नाही. पण येत असलेला डाव पक्का करायला, आणि दुखापतीत गादीवर जाता येत नाही त्या दिवसांत, ही सवय मोलाची.

आठवड्यातून चार दिवस, दहा मिनिटं. लंगोट किंवा कॉस्च्युम घालून, डावाच्या उभ्या पवित्र्यात. स्वतःच्या डोळ्यांतून बघायचं, बाहेरून सिनेमा बघितल्यासारखं नाही. वेग खराखुरा. मातीचा वास, समोरच्याच्या मानेचा घाम, सगळं येऊ द्यायचं. एक डाव, पाच वेळा. त्यातल्या एकदा डाव फसलेला बघायचा आणि त्यातून कसं निसटायचं तेही.

दोन फेऱ्यांमधल्या ३० सेकंदांत वस्तादांनी काय सांगावं?

एकच गोष्ट. पहिले दहा सेकंद काहीच नाही, पोराला श्वास सोडू द्या, घाम पुसा. पुढची दहा सेकंद एक वाक्य, आणि तेही काय करायचं याचं: "उजव्या पायावर जा." 'असं करू नको' नको, कारण दमलेल्या डोक्यात नको असलेलं चित्रच राहतं. शेवटची दहा सेकंद एक घोट पाणी आणि गुणफलकाची आठवण. चौघांनी चार बाजूंनी चार डाव ओरडले तर पोरगं एकही टाकत नाही.

शिक्षा म्हणून हजार बैठका मारायला लावल्या तर मन घट्ट होतं ना?

नाही. सवय नसताना किंवा सुट्टीनंतर एकदम अशा बैठका मारल्या तर मांडीचे स्नायू फुटतात आणि त्यातला रंगद्रव्याचा कचरा मूत्रपिंडात अडकतो. पुढच्या एक-दोन दिवसांत मांड्या सुजल्या, लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर घरी तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात भरती करा. शिवी आणि मार यांनी पोरगं घट्ट होत नाही, चूक लपवायला शिकतं. जे लपतं ते सुधारता येत नाही. कठीण मेहनत आधी सांगून, मोजून आणि हळूहळू वाढवत दिली की मन आणि मांडी दोन्ही घडतात.

वजनं कधीपासून उचलावीत?

शिकवणारं जाणतं माणूस समोर असेल तर तेरा-चौदाव्या वर्षीही चालतं, उंची खुंटत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस, ८ ते १५ वेळा सहज उचलता येईल एवढं वजन. अठरानंतर, पाया झाल्यावर, जास्तीत जास्त ताकदीच्या ८० ते ८५ टक्के वजनानं ३ ते ५ वेळा, चार संच, मध्ये दोन-तीन मिनिटं थांबून. जोर-बैठकांनी दम आणि कस वाढतो, पण एका झटक्यात उचलण्याची ताकद त्यांनी एका मर्यादेपर्यंतच वाढते. दोन्ही हवं.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर हो म्हणतात, पण पोरगा पाय टाकायला घाबरतो.

त्या भीतीचं आधी ऐका, ती बऱ्याचदा खरं सांगते. एसीएलच्या (गुडघ्यातल्या एका मुख्य अस्थिबंधाच्या) ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत परत उतरणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. एका पायावर उडी मारून अंतर मोजा. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी, मांडीची ताकदही तेवढीच. हे जमत नसेल तर भीती बरोबर आहे, मेहनत अपुरी आहे. जमत असेल तर पायऱ्या करा: दोन आठवडे जोडीदार प्रतिकार करत नाही अशी डावांची उजळणी, दोन आठवडे निम्म्या जोराची लढत, मग हलक्या वजनाच्या गड्याशी पूर्ण लढत. ज्या डावात गुडघा गेला तो डाव सर्वांत शेवटी.

मानसोपचार तज्ज्ञाकडं कधी जायचं?

दोन आठवडे उदासी, झोप उडणं, जेवण तुटणं, आवडता सरावही नको वाटणं. किंवा जगणं नको असं काही बोललं तर त्याच दिवशी. टेली-मानस हा शासनाचा १४४१६ क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सनं टोकियो ऑलिम्पिकमध्ये हवेत फिरताना दिशेचं भान सुटतंय म्हणून सांघिक अंतिम फेरी मध्येच सोडली. तशीच उडी मारत राहिली असती तर मान मोडू शकली असती. पॅरिसला तिनं तीन सुवर्णपदकं घेतली.

तज्ज्ञ परवडत नाही. घरी सुरुवात कशानं करू?

वहीनं. दोनशे पानी, रोज पाच ओळी: झोपेचे तास, सकाळची नाडी, सकाळचं वजन, मेहनत किती जड वाटली (१ ते १०), आणि आज मन कुठं भरकटलं. लढत किंवा सामना झाला की त्याच रात्री तीन गोष्टी: काय ठरवलं होतं, काय झालं, पुढच्या वेळी पहिल्या ३० सेकंदांत काय करायचं. निकाल लिहू नका, तो लक्षात राहतोच. सहा आठवड्यांनी वही वस्तादांसमोर उघडा. हरलेल्या दिवसांच्या आदल्या रात्रींची झोप आणि त्या सकाळचं वजन आधी बघा, मनाच्या ओळीकडं नंतर या.